गर्भपात केंद्रांच्या दारातील निदर्शने: अभिव्यक्तिस्वातंत्र्याची रेषा कुठे आखावी?

पैलतीर (प्रश्न)

नमस्कार. गर्भपात केंद्रांच्या प्रवेशद्वाराभोवती निदर्शनांना मज्जाव करणाऱ्या क्षेत्रांविषयी, म्हणजे ज्यांना सर्रास बफर झोन म्हटले जाते त्यांच्याविषयी, अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांतील सर्वोच्च न्यायालयांचे निकाल मी नुकतेच एकापाठोपाठ एक वाचले आणि पेचात पडलो. 2014 साली मॅककलेन विरुद्ध कोकली या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याचा 35 फुटांचा झोन घटनाबाह्य ठरवला, आणि कारणांबाबत मतभेद असले तरी निष्कर्षावर नऊच्या नऊ न्यायमूर्तींचे एकमत होते. त्यानंतर आठ वर्षांनी, डिसेंबर 2022 मध्ये, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर आयर्लंडच्या विधेयकातील 100 मीटरचा, आणि गरजेनुसार 250 मीटरपर्यंत वाढवता येणारा झोन मानवी हक्कांशी सुसंगत असल्याचा निर्वाळा दिला. तेथेही मतभेद नव्हता. 35 फूट म्हणजे पुरते 11 मीटरही नव्हेत. मुक्त भाषणाची जुनी परंपरा सांगणाऱ्या दोन देशांत एका न्यायालयाला 11 मीटर जास्त वाटावेत आणि दुसऱ्याला 250 मीटरही चालावेत, हे कसे समजून घ्यायचे?

माझी भूमिका आधीच सांगतो, म्हणजे प्रश्नामागे काही छुपा हेतू आहे असे कोणाला वाटणार नाही. गर्भपाताचा निर्णय ज्या स्त्रीच्या शरीराविषयी आहे तिनेच घ्यावा, असे मी मानतो. पण तितक्याच ठामपणे असेही मानतो की सार्वजनिक पदपथ ही शासनाची दिवाणखान्याची जागा नव्हे, आणि जे मत मला पटत नाही ते तेथे उभे राहून मांडण्याचा हक्क काढून घ्यायचा असेल तर त्याचे कारण फार भक्कम असले पाहिजे. इंग्लंडमधील बोर्नमथ येथे एक निवृत्त सैनिक गर्भपात केंद्राजवळच्या संरक्षित क्षेत्रात मान किंचित झुकवून, हात एकमेकांत गुंफून मूकपणे प्रार्थना करत उभा राहिला, अधिकाऱ्याने सांगूनही तेथून हलला नाही, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. शिक्षा सशर्त सुटकेचीच झाली, पण खर्चापोटी 9,000 पौंड भरण्याचा आदेश निघाला. ही बातमी वाचून माझ्या दोन्ही धारणा एकमेकींवर आदळल्या. ज्यांनी या विषयाचा कायद्याच्या अंगाने किंवा अन्य बाजूने विचार केला आहे, त्यांचे म्हणणे वाचायला आवडेल. विशेषतः एवढे सांगा: दोन्ही धारणा प्रामाणिकपणे सांभाळता येतील अशी एखादी रेषा आहे का, की कोठेतरी एकीला सोडावेच लागते?

नीरक्षीर

पैलतीर, आपण मांडलेला विरोध आकड्यांचा दिसतो, पण तो मुळात आकड्यांचा नाही. 35 फूट हे अंतर म्हणून जास्त आहे असे अमेरिकी न्यायालयाने म्हटलेलेच नाही, कारण त्याच न्यायालयाने वीस वर्षांपूर्वी 36 फुटांचा झोन वैध ठरवला होता. 1994 च्या मॅडसेन खटल्यात फ्लोरिडातील मेलबर्न या गावातील एका केंद्रासमोर विशिष्ट निदर्शकांवर मनाई हुकूम होता. दार अडवू नका, येणाऱ्यांच्या अंगावर जाऊ नका, एवढाच आदेश खालच्या न्यायालयाने आधी दिला होता, आणि तो पाळला गेला नाही म्हणून नंतर 36 फुटांची हद्द आखली. सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशद्वार आणि वाहनमार्गापुरती ती हद्द आणि आवाजावरील निर्बंध मान्य केले. मात्र त्याच हुकुमातील 300 फुटांच्या आत परवानगीवाचून कोणाजवळ जायचे नाही हे कलम आणि आतून दिसतील अशा चित्रांवरची बंदी रद्द केली. चित्रांबाबत न्यायालयाचे म्हणणे सरळ होते: केंद्राला खिडक्यांचे पडदे ओढून घेता येतात. कानांना तशी सोय नसते, म्हणून आवाजाचा नियम टिकला.

तेव्हा अमेरिकी कसोटी फुटांवर बेतलेली नाही. निर्बंध कोणावर आहे, कोणत्या वर्तनासाठी आहे, आणि त्याहून सौम्य उपाय आधी करून पाहिला होता का, हे ती विचारते. 1997 च्या शेंक खटल्यात न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील केंद्रांसाठी 15 फुटांची स्थिर हद्द टिकली, पण व्यक्तीबरोबर सरकत जाणारी 15 फुटांची हद्द टिकली नाही, कारण अरुंद पदपथावर बोलता बोलता सोबत चालणाऱ्याला आपण कोणत्या क्षणी गुन्हा करतो आहोत हे कळणेच अशक्य होते. 2000 साली हिल विरुद्ध कोलोराडो हा निकाल आला. आरोग्य केंद्राच्या दारापासून 100 फुटांच्या आत, पत्रक देण्यासाठी, फलक दाखवण्यासाठी किंवा समुपदेशन वा निषेध करण्यासाठी दुसऱ्याच्या संमतीशिवाय 8 फुटांहून जवळ जाऊ नये, हा राज्याचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरला. एका जागी स्थिर उभ्या असलेल्या निदर्शकाला या कायद्याने बाजूला व्हावे लागत नव्हते, हा बहुमताला महत्त्वाचा वाटलेला मुद्दा होता. ऐकण्याची इच्छा नसलेल्या माणसाचाही काही हक्क असतो हे त्या निकालाने मान्य केले, आणि तेव्हापासून आजतागायत त्यावर जोरदार टीका होत आली आहे.

मग मॅसॅच्युसेट्सचे काय चुकले? 2007 चा तो कायदा कोण्या बेशिस्त निदर्शकावर रोखलेला नव्हता. रुग्णालयाखेरीज राज्यातील प्रत्येक गर्भपात केंद्राच्या दारापाशी, केंद्र चालू असण्याच्या सर्व वेळी, तो प्रत्येक माणसाला लागू होता. अपवाद मुख्यतः तेथे येणारेजाणारे रुग्ण, केंद्राचे कर्मचारी, पोलीस आणि नुसते पुढे निघून जाणारे पादचारी यांचा होता. न्यायालयासमोर आलेला गर्दीचा आणि अडथळ्याचा पुरावा मात्र मुख्यतः बॉस्टनमधील एका केंद्राचा, तोही शनिवार सकाळचा. याचिकाकर्त्यांपैकी प्रमुख एलिनॉर मॅककलेन या सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या. आरडाओरड त्या करत नव्हत्या, येणाऱ्या स्त्रीशी हळू आवाजात बोलू पाहत होत्या. शांतपणे, समोरासमोर बोलणे आणि हातात पत्रक देणे हे अमेरिकी परंपरेत भाषणाचे सर्वांत जुने आणि सर्वांत संरक्षित रूप मानले जाते. रंगाने आखलेल्या कमानीपलीकडून तेच बोलायचे तर ओरडावे लागते, आणि मग कायदाच मृदू वक्त्याला कर्कश करून सोडतो. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिलेल्या निकालपत्राने कायदा आशय-तटस्थ, म्हणजे कोण काय बोलतो यावर न बेतलेला, असल्याचे मान्य केले, पण हेतूच्या मानाने तो भलताच व्यापक ठरवला. रस्ता अडवण्याविरुद्ध कायदा करा, पाठलाग आणि छळ यांवर शिक्षा ठेवा, सराईत त्रास देणाऱ्यावर व्यक्तिशः मनाई हुकूम आणा. यांपैकी काही न करता थेट पदपथच बंद का केला, हा न्यायालयाचा राज्याला प्रश्न होता.

यापुढची घटना फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते ती सर्वांत बोधप्रद आहे. निकाल जूनअखेर लागला आणि जुलै संपण्यापूर्वी त्याच राज्याने नवा कायदा केला. त्यानुसार केंद्रात जाण्यायेण्यास प्रत्यक्ष अडथळा होत असेल तर पोलीस लेखी आदेश देऊन त्या लोकांना दूर करू शकतात, आणि पुढील आठ तास किंवा केंद्र बंद होईपर्यंत त्यांना 25 फूट दूर राहावे लागते. येथे हद्द आधी आखलेली नाही. ती कोणाच्या तरी वर्तनातून जन्माला येते. आपल्या दोन्ही धारणा सांभाळणारी रेषा मला येथे दिसते. दार अडवणाऱ्याला शिक्षा मिळते आणि शेजारी पत्रक घेऊन उभ्या असलेल्या बाईला कोणी हात लावत नाही.

ब्रिटनचा फरक संहितेतून येतो. अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत भाषणस्वातंत्र्याच्या जोडीला मर्यादांची यादी नाही, त्यामुळे मर्यादा सिद्ध करण्याचा सारा भार शासनावर पडतो. युरोपीय मानवी हक्क संहितेच्या दहाव्या कलमात अभिव्यक्तीचा हक्क आणि त्याच्या मर्यादा एकाच ठिकाणी लिहिल्या आहेत, आणि आठव्या कलमातील खासगी जीवनाचा हक्क त्याच तोलाचा मानला जातो. तेथे न्यायाधीश दोन हक्क तराजूत घालतात. पहिल्या, म्हणजे अमेरिकी, पद्धतीत दोन्ही पारड्यांत हक्क नसतात. एकात हक्क असतो आणि दुसऱ्यात शासनाचे कारण. मला पहिली पद्धत अधिक सुरक्षित वाटते, कारण तराजू धरणारा हात बदलला की तोल बदलतो.

उंबरठा

नीरक्षीर यांचे विवेचन अचूक आहे, परंतु त्यात एक व्यक्ती जवळजवळ दिसतच नाही, आणि ती म्हणजे दारातून आत जाणारी स्त्री. संपूर्ण मांडणी बोलणाऱ्याच्या बाजूने झाली आहे. तो किती हळू बोलतो, त्याला किती फुटांवर उभे राहावे लागते, त्याला ओरडावे लागते का. माझा आक्षेप येथे आहे.

सार्वजनिक जागी नको असलेले बोलणे कानी पडले तर माणसाने पुढे निघून जावे, ही मुक्त भाषणाची नेहमीची अपेक्षा आहे, आणि ती योग्यही आहे. बाजारात, चौकात, विधिमंडळासमोर ती लागू पडते. गर्भपात केंद्रासमोर ती लागू पडत नाही, कारण तेथे आलेल्या स्त्रीला पुढे निघून जाता येत नाही. त्याच दारातून, त्याच दिवशी, ठरलेल्या वेळी तिला आत जायचे असते. शिवाय त्या दारापाशी तिने पाऊल ठेवताच तिच्या आयुष्यातील एक अत्यंत खासगी वैद्यकीय गोष्ट अनोळखी माणसांना कळलेली असते. आत जाणाऱ्यांत गर्भाची वाढ थांबल्याचे निदान झालेली असेल, बलात्कारातून गर्भ राहिलेली असेल, किंवा केवळ तपासणीसाठी आलेली असेल. पदपथावरच्या माणसाला यांतले काहीही ठाऊक नसते, तरी तो तिच्याशी तिच्या गर्भाविषयी बोलतो. राजकीय भाषण समाजाला उद्देशून असते. हे भाषण एका रुग्णाला, तिच्या उपचाराच्या दिवशी, तिचा उपचार थांबवण्यासाठी उद्देशून असते, आणि ही दोन्ही एकाच मापाने मोजणे मला मान्य नाही.

ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे एप्रिल 2019 मध्ये क्लब आणि प्रेस्टन ही दोन अपिले एकत्र आली, तेव्हा हा मुद्दा फार स्पष्टपणे पुढे आला. व्हिक्टोरिया आणि टास्मानिया या दोन्ही राज्यांत 150 मीटरचे सुरक्षित प्रवेश क्षेत्र आहे. मेलबर्नच्या पूर्व भागातील केंद्रापाशी एका जोडप्याला पत्रक देऊ पाहिल्याबद्दल क्लब यांना दंड झाला होता. त्या देशाच्या घटनेत भाषणस्वातंत्र्याचे स्वतंत्र कलम नाही. राजकीय संवादाचे स्वातंत्र्य घटनेत गृहीत आहे असे न्यायालयाने 1992 पासून मानले आहे. अपिले फेटाळली गेली. काही न्यायमूर्तींच्या मते एका स्त्रीला तिच्या वैयक्तिक निर्णयाविषयी गाठून बोलणे हा राजकीय संवाद असल्याचे दाखवलेच गेले नव्हते, तर इतर काहींनी स्त्रियांचा खासगीपणा आणि प्रतिष्ठा यांचे रक्षण हाच कायद्याचा पुरेसा सबळ हेतू मानला. गर्भपाताविरुद्ध राजकीय प्रचार करायला 150 मीटरपलीकडचा सगळा देश मोकळा आहे. तेथे त्या बोलण्याला श्रोतेही अधिक मिळतील. हव्या त्या एकाच श्रोत्याला दाराशी अडवता येत नाही, एवढेच काय ते गमावले जाते.

आता सौम्य उपायांविषयी. मॅककलेन निकालाने राज्याला जे पर्याय सुचवले त्यांत 1994 च्या केंद्रीय कायद्याच्या धर्तीवरचा कायदाही होता. बळ, धमकी किंवा शारीरिक अडथळा वापरून केंद्राचा प्रवेश रोखणे हा त्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरतो, आणि तोच कायदा प्रार्थनास्थळांना आणि गर्भपातविरोधी गर्भधारणा केंद्रांनाही संरक्षण देतो. तो कायदा झाला त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 1993 मध्ये, फ्लोरिडातील पेन्साकोला येथे डॉ. डेव्हिड गन यांचा केंद्राबाहेर गोळ्या घालून खून झाला होता, आणि कायदा झाला त्याच वर्षी, डिसेंबर 1994 मध्ये, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधील दोन केंद्रांत दोन स्वागतिका मारल्या गेल्या, ज्यातून पुढे मॅसॅच्युसेट्सचे कायदे आले. कागदावर हा पर्याय उत्तम आहे. परंतु जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी याच कायद्याखाली दोषी ठरलेल्या 23 जणांना माफी दिली आणि न्याय विभागाने असे खटले यापुढे अपवादात्मक परिस्थितीतच भरण्याचे धोरण जाहीर केले. वर्तनानंतर शिक्षा या पद्धतीचा हा मूळ दुबळेपणा आहे; ती खटला भरणाऱ्याच्या इच्छेवर उभी असते.

त्यातही खटला उभा राहायला साक्षीदार लागतो. जी स्त्री आपण या दाराशी आलो होतो हे जवळच्या माणसांनाही सांगत नाही, ती न्यायालयात उभी राहून आपला पाठलाग कोणी केला हे सांगेल, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. आखलेल्या हद्दीला साक्षीदार लागत नाही. रेषेच्या आत कोण आहे हे पोलिसाला दिसते, निदर्शकालाही दिसते, आणि कोणाच्या मनात काय होते याचा तपास करावा लागत नाही. म्हणून नीरक्षीर यांना जो कायदा व्यापक म्हणून खटकतो, तोच मला निदर्शकाच्या दृष्टीनेही अधिक न्याय्य वाटतो.

अनुस्वार

उंबरठा यांचा साक्षीदाराचा मुद्दा मला पूर्णपणे पटला, आणि तो या चर्चांत क्वचितच ऐकू येतो. मात्र "हे भाषण राजकीय नव्हे, एका व्यक्तीला तिचा निर्णय बदलायला लावण्यासाठी आहे, म्हणून त्याचे संरक्षण कमी" या युक्तिवादाला एक जुना आणि अवघड प्रतिदाखला आहे. 1966 साली मिसिसिपी राज्यातील क्लेबोर्न परगण्यात कृष्णवर्णीय नागरिकांनी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. दुकानांबाहेर माणसे उभी असत. बहिष्कार मोडून आत जाणाऱ्यांची नावे ती टिपून घेत, आणि ती नावे पुढे सभांत, चर्चमध्ये वाचून दाखवली जात. आत जाणाऱ्याला लाज वाटावी आणि त्याने निर्णय बदलावा, हाच त्यामागचा उघड हेतू होता. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने यातील हिंसा आणि धमकी वगळून बाकी सारे संरक्षित भाषण ठरवले. लाजवणारे किंवा दबाव आणणारे बोलणे तेवढ्यावरून संरक्षण गमावत नाही, हे तत्त्व नागरी हक्कांच्या चळवळीने मिळवलेले आहे. दाराशी उभे राहून आत जाणाऱ्याचे मन वळवणे हे दुर्बलांच्या हाती असलेल्या मोजक्या साधनांपैकी एक आहे. संपकरी कामगारही कारखान्याच्या फाटकावर हेच करतो.

दवाखाना हे दुकान नव्हे, हे मला मान्य आहे, आणि रुग्णाची अवस्था ग्राहकापेक्षा वेगळी असते हेही. परंतु मग नियम दवाखान्याच्या जागेचा असावा, विषयाचा नसावा. 1972 च्या मोझली खटल्यातील शिकागोचा नियम शाळेच्या 150 फुटांत फलक घेऊन उभे राहण्यास बंदी घालत होता, पण कामगारांच्या शांततामय आंदोलनाला त्यातून सूट होती. एक कृष्णवर्णीय गृहस्थ शाळेतील वंशभेदाविरुद्ध एकटा फलक घेऊन शांतपणे उभा राहत असे, आणि या नियमाने तो गुन्हेगार ठरणार होता. न्यायालयाने नियम रद्द केला, कारण कोणत्या विषयावर बोलावे हे त्यातून शासन ठरवत होते. कोलोराडोचा कायदा या बाबतीत सरस होता. तो सर्व आरोग्य केंद्रांना लागू होता, आणि त्याच्या शब्दांत गर्भपाताचा उल्लेख नव्हता. इंग्लंडच्या 2023 च्या कायद्यात मात्र गुन्हा गर्भपात सेवेशीच बांधलेला आहे. त्याच दाराबाहेर परिचारिकांनी वेतनवाढीसाठी केलेली निदर्शने चालतात, गर्भपाताविषयी बोललेले चालत नाही. मतांच्या दृष्टीने तो कायदा वरवर समान आहे असे म्हणता येईल, कारण स्त्रीला गर्भपाताकडे ढकलू पाहणाऱ्यालाही तो लागू होतो. पण व्यवहारात त्याखाली कोण सापडणार हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

त्याहून मला अधिक अस्वस्थ करते ते त्या कायद्यातील या गुन्ह्याच्या व्याख्येचे पहिले कलम. 150 मीटरच्या आत कोणाच्या निर्णयावर प्रभाव पडावा या हेतूने, किंवा तसा प्रभाव पडेल याची पर्वा न करता, केलेली कोणतीही कृती गुन्हा आहे. अडथळा आणि छळ, भय वा मनस्ताप यांची कलमे वेगळी दिलेली आहेत, म्हणजे हे पहिले कलम नेमके त्या वर्तनासाठी आहे ज्यात अडथळाही नाही आणि छळही नाही. पैलतीर यांनी सांगितलेल्या प्रकरणातील बंदी स्थानिक प्राधिकरणाच्या आदेशाची होती, या कायद्याची नव्हे, पण दिशा तीच आहे. त्याच बोर्नमथमध्ये "बोलायचे असेल तर मी येथे आहे" अशा अर्थाचा फलक घेऊन उभी राहिलेली एक स्त्री एप्रिल 2025 मध्ये दोषी ठरली. तिने कोणाला हाक मारली नव्हती. ज्याला बोलायचे असेल त्याने यावे, एवढेच फलक सांगत होता. स्कॉटलंडचा 200 मीटरचा कायदा तर क्षेत्राच्या आतील खासगी घरांतून जे बाहेर दिसेल वा ऐकू येईल त्यालाही लागू होऊ शकतो. आखलेल्या हद्दीमुळे मनातले तपासावे लागत नाही असे उंबरठा म्हणतात, पण या कायद्यांत हद्दीच्या आत गेल्यावर मनातलेच तपासावे लागते. तोच माणूस त्याच जागी फोनकडे पाहत बसची वाट बघत उभा असता तर निर्दोष ठरला असता.

पैलतीर

तिघांचेही मनापासून आभार. 36 आणि 35 फुटांची गोष्ट मला माहीतच नव्हती, आणि त्या एका तपशिलाने माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. उंबरठा, आता तुम्हालाच थेट विचारतो: बोर्नमथच्या त्या दोन्ही प्रकरणांत तुम्ही काय निकाल दिला असता? आणि नीरक्षीर, साक्षीदार पुढे येत नाही या अडचणीवर मॅसॅच्युसेट्सच्या नव्या कायद्यात खरोखर उत्तर आहे का?

नीरक्षीर

काही अंशी आहे. तेथे आदेश देणारा पोलीस स्वतः अडथळा पाहतो आणि आदेश मोडला गेला की तोच साक्षीदार होतो; रुग्णाला कोठेही उभे राहावे लागत नाही. पण दाराशी पोलीस हजर असावा लागतो, आणि लहान गावांत तो नसतो, हे मान्य करायला हवे. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या 2022 च्या डॉब्स निकालानंतर ही अडचण वाढली, कारण गर्भपातावर बंदी घातलेल्या राज्यांतील स्त्रिया सीमेपलीकडच्या लहान शहरांत जाऊ लागल्या. इलिनॉयमधील कार्बनडेल हे असेच एक शहर आहे. मिसूरी, केंटकी आणि टेनेसी या राज्यांना ते जवळ पडते. तेथे नवी केंद्रे आली, त्यापाठोपाठ निदर्शक आले, आणि 2023 मध्ये शहराने कोलोराडोच्या धर्तीवर 8 फुटांचा नियम केला. त्याला आव्हान मिळाले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे जात असताना शहराने नियम मागे घेतला. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यास नकार दिला. न्यायमूर्ती थॉमस यांनी या नकाराविरुद्ध सविस्तर मत लिहिले आणि न्यायमूर्ती अलिटो यांनाही प्रकरण ऐकायला हवे होते. डॉब्सच्या बहुमताच्या निकालपत्रात हिलचा उल्लेख अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या सिद्धान्ताची मोडतोड करणारा निकाल म्हणून आलेला आहे. तरी तो आजही रद्द झालेला नाही, आणि खालच्या न्यायालयांना त्याच्याच आधारे चालावे लागते. त्यामुळे आज एखाद्या अमेरिकी शहराने असा नियम केला, तर तो खालच्या न्यायालयात टिकण्याची आणि वर गेल्यास पडण्याची शक्यता सारखीच धरून चालावी लागते.

उंबरठा

पैलतीर, थेट विचारलेत म्हणून थेट उत्तर देते. मूकपणे उभ्या असलेल्या माणसाला केवळ त्याच्या प्रार्थनेच्या आशयासाठी मी दोषी ठरवले नसते. इंग्लंडच्या अभियोग सेवेच्या मार्गदर्शनातही मूक प्रार्थना हा आपोआप गुन्हा होत नाही, अवतीभवतीची परिस्थिती आणि वर्तन पाहावे लागते, अशीच भूमिका आहे, आणि ती योग्य आहे. पण याच ठिकाणी अनुस्वार यांच्याशी माझा मतभेद आहे. दाराच्या अगदी समोर, आत जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीकडे तोंड करून, रोज तेथेच उभे राहणारे पाच जण काहीही न बोलता जे करतात, त्याला मी मनातला विचार म्हणणार नाही. त्यांच्यामधून चालत जाणाऱ्या स्त्रीला आपण पाहिल्या गेलो आणि आपल्याबद्दल काय ठरवले गेले हे दोन्ही कळते. पाठ फिरवून बाजूला उभा असलेला एकटा माणूस आणि हे पाच जण यांत फरक करणारा कायदा लिहिता येतो: प्रवेशमार्गावर रुग्णांना दिसेल अशा रीतीने थांबून राहणे, त्यांच्याकडे रोखून पाहणे, त्यांचे चित्रीकरण करणे, न बोलावता त्यांना संबोधणे, अशा कृतींची नावे घेऊन. निर्णयावर प्रभाव टाकण्याचे ते सर्वसमावेशक कलम मी त्यातून काढून टाकेन, कारण त्याची गरज उरत नाही.

फलक घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीचे प्रकरण मला अधिक कठीण वाटते. तिचा स्वर सौम्य होता, आणि तिच्याविरुद्ध पोलीस पाठवावे लागले याचे मला वाईट वाटते. परंतु हे निमंत्रण स्वीकारायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ आत जाणाऱ्या प्रत्येक स्त्रीवर येते, आणि ज्या सकाळी ती दुसरे कोणतेही संभाषण मागत नाही त्याच सकाळी येते. ज्यांना खरोखर बोलायचे आहे त्यांच्यासाठी केंद्राच्या आत समुपदेशक असतात, बाहेर दूरध्वनी सेवा असतात, आणि क्षेत्राच्या सीमेवर हाच फलक कायदेशीरपणे धरता येतो. मी तिला तेथे, सीमेवर, उभे राहायला सांगितले असते, आणि तिने ऐकले नसते तर दंड केला असता, मात्र जबर खर्चाचा आदेश दिला नसता. उत्तर आयर्लंडच्या कायद्यात दंडाची कमाल रक्कम 500 पौंड आहे, आणि हे निर्बंध प्रमाणशीर आहेत असे ठरवताना ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्टही विचारात घेतली होती. इंग्लंडने दंडाला वरची मर्यादाच ठेवलेली नाही. नीरक्षीर आणि अनुस्वार यांच्याशी माझे क्षेत्राच्या आवश्यकतेबाबत जमणार नाही, पण या शेवटच्या बाबीत त्यांच्या बाजूने मतदान करायला मी तयार आहे.